गोळा कुठे पडला

अल मनखूल, बर दुबई
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय सोमनाथ,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्या घरी पत्र म्हणजे एक तर नोकरीचा हुकूम, नाहीतर मयताची खबर. हे दोन्ही नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. अडीच महिने झाले. मेसेज टाकला की निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस. उत्तर मात्र नाही. शेवटी मी तुझ्या घराखालच्या पिठाच्या गिरणीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा बरे आहेत, परवाच दोन किलो ज्वारी दळून नेली." म्हणजे माझा सख्खा भाऊ जिवंत आहे हे मला दुबईत बसून ज्वारीवरून कळतं. सत्तरीच्या बहिणीला ही वागणूक बरी नव्हे.

माझं एक वेळ सोड. लहानपणी मी बोलायला लागले की तू पाण्याच्या टाकीवर चढून बसायचास आणि वरून "मदर सुपीरियर आल्या रे" असं ओरडायचास. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून कॉन्व्हेंटमध्ये जाणारी मी एकटी, त्याचं मला मिळालेलं ते बक्षीस. माझ्यापासून पळायची तुला सवय आहे आणि मलाही तुझ्या पळण्याची आहे. पण अस्मीने तुझं काय घोडं मारलंय? माझी नात पंधरा वर्षांची आहे. दर रविवारी न्याहारीला ती फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करते आणि त्याच्यासमोर बसते. तुझ्यासाठी. फोन वाजून वाजून बंद होतो. पुढच्या रविवारी ती तो पुन्हा तसाच उभा करते. मला ते बघवत नाही, आणि जे बघवत नाही त्याचा मला राग येतो.

हे सगळं सुरू तूच केलंस. तुझी आशा गेल्यावर आमचा धनंजय म्हणाला, "आई, मामाला एकटं वाटत असेल, अस्मीशी बोलू दे, तिचं मराठीही सुधारेल." इथली मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात, तेव्हा मलाही ते पटलं. मला वाटलं, तू तिला वसाहतीतल्या गणपतीच्या नाटकांबद्दल सांगशील, आपल्या वडिलांच्या सायकलबद्दल सांगशील. तू सांगितलंस महायुद्धातल्या जर्मन तोफांबद्दल. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्या नाकातला दारूगोळ्याचा वास गेलेला नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरीच्या डोक्यात हे भरू नकोस. तू म्हणालास, "ताई, तू तिला व्याकरण शिकव, मी तोफा शिकवतो. बघू कुणाचा वर्ग भरतो." तुझा भरला.

आणि काय एकेक सांगितलंस. ऐंशी सेंटिमीटर तोंडाची, दोन समांतर रुळांवर उभी राहणारी तोफ, जिचा एकेक गोळा सात टनांचा. ती जोडायला शेकडो माणसं, तिच्यासाठी रूळ टाकायला हजारो, आणि एका शहराच्या वेढ्यात पन्नासाच्या आत गोळे टाकले की तिचं काम जवळजवळ संपलं. कोपऱ्याआडून मारा करता यावा म्हणून नळी वाकवलेली बंदूक, जिच्या वाकणात गोळीचेच तुकडे व्हायचे. आणि ती हवेची तोफ. हायड्रोजन-ऑक्सिजनचा स्फोट करायचा आणि नुसत्या हवेचा ठोसा आकाशात मारून विमान पाडायचं. तिने काय केलं, तर दोनशे मीटरवरची एक लाकडी फळी मोडली. अस्मी हसून हसून सोफ्यावर लोळायची आणि मी आत भांडी आपटायचे.

पण एक गोष्ट मी मान्य करते. इंटरनेटवर या तोफांचे व्हिडिओ करणारे लोक आरती म्हणावी तसे बोलतात. केवढी मोठी, केवढी लांब, काय ती बुद्धी. तू तसं कधी बोलला नाहीस. लंडनवर मारा करायला फ्रान्समधल्या खडूच्या टेकडीत जी तोफ बसवत होते, तिची गोष्ट तू सांगत होतास तेव्हा मी तव्यावरची पोळी विसरून ऐकत उभी होते. शंभर मीटरहून लांब नळी, तिला माशाच्या काट्यासारखे दोन्ही बाजूंनी फुटलेले फाटे. गोळा पुढे सरकेल तसतशी एकेका फाट्यातली दारू पेटणार आणि त्याला मागून रेटा देणार. अस्मी म्हणाली, "सो क्लेव्हर." तू म्हणालास, "क्लेव्हर आहेच. पण ती वळत नाही, अस्मी. डोंगरात पुरलेली. जन्मभर एकाच शहराकडे तोंड करून बसायचं." मग सांगितलंस की विमानांनी ती टेकडीच फोडली. लंडनवर तिथून एकही गोळा सुटला नाही, आणि आत बोगदे खणणारी माणसं, त्यांतली कितीतरी जबरदस्तीने आणलेली, तिथेच गाडली गेली. तेव्हा तू म्हणालास, "गोळा किती लांब गेला ते कुणीही सांगेल. तू विचारायचं, तो कुठे पडला."

तू शिकवलंस, ती शिकली. मग तिने विचारलं तर तुला एवढं का लागलं?

पितृपक्ष संपून आठवडा झाला असेल. तू तुझ्या कामाचं सांगत होतास. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक लॉटमधले थोडे गोळे तुम्ही चाचणीच्या मैदानावर उडवून बघायचात आणि ते नीट निघाले की उरलेल्या सगळ्या लॉटवर तुझी सही व्हायची. टोस्ट चावत चावत अस्मीने सहज विचारलं, "सोमूआजोबा, मग तुम्ही पास केलेले गोळे कुठे पडले?" तू म्हणालास, बॅटरी संपत आलीय. तुझ्या मागे भिंतीवर चार्जर लोंबत होता, सोमनाथ. आम्हा दोघींना दिसत होता.

आता तुझ्या पाठीमागे इथे काय काय झालं ते ऐक. अस्मीच्या शाळेत प्रदर्शन होतं, विषय "फसलेले शोध". तिने हवेची तोफ निवडली. शाळेने अट घातली की स्फोट नको, चाप नको, बंदुकीसारखं काही दिसायला नको. मग तिने स्वतःच ठरवलं, एक मोठं पत्र्याचं पिंप, मागे ताणून बसवलेली ताडपत्री, पुढे तोंड; ताडपत्रीवर दणका दिला की तोंडातून हवेचा गोळा सुटेल. धनंजयने एका सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि उम्म अल कुवैनला आपल्या कारखान्यात नेलं. तू तो पाहिलेला नाहीस. इंडस्ट्रियल एरियात एक पत्र्याची शेड आहे, आत एसीचे डक्ट बनतात. पत्रा कापायचा, वाकवायचा, नळ्यांना नळ्या जोडायच्या, दिवसभर नुसता खणखणाट. तिथला फोरमन भिवा आपल्या लांज्याकडचा. इकडे येऊन त्याला इतकी वर्षं झाली की मराठी बोलतानासुद्धा अरबांचं "यल्ला", म्हणजे "चला चला", म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य जागचं उठत नाही. अस्मीने आठवडाभर आधी चित्र पाठवलं होतं, त्यावरून त्याने आणि त्याच्या हाताखालच्या दगडूने जीव ओतून पिंप तयार ठेवलं होतं. कडा अशा घासलेल्या की माझ्या साडीलासुद्धा लागू नयेत.

अस्मीने समोर कागदी कप रचले आणि ताडपत्रीवर दणका दिला. एक कप हलेल तर शपथ. पुन्हा दिला. मग दगडूने लाथ घातली. नुसती झुळूक आली, गोड, संध्याकाळी खाडीवर येते तशी. पोरीचा चेहरा पडला. मग तिने पुढे जाऊन बघितलं. तोंडाला या दोघांनी आपल्या मनाने डिफ्यूझर बसवला होता. छताला असते ना ती पट्ट्यापट्ट्यांची चौकट, हवा चारी बाजूंना पसरवणारी, ती. चित्रात ती नव्हती, म्हणून त्यांना वाटलं की पोरगी काढायला विसरली. भिवा मला समजावून सांगायला लागला, "आजी, असं उघडं तोंड ठेवलं ना, तर हवा सरळ माणसाच्या अंगावर येते. कस्टमर कम्प्लेंट करतो." अंगावर यावी म्हणूनच तर करायची होती रे बाबा, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. आपली हवा कुणाला लागू नये म्हणून ही माणसं जन्मभर खपली. त्यांना तोफ करायला सांगितली तरी त्यांच्या हातून पंखाच झाला. मी स्टुलावर बसून हसले, आणि हसता हसता मला तुझी आठवण आली आणि हसू तिथेच राहिलं.

पुढचं अस्मीने स्वतः केलं. चौकट काढायला लावली, तिच्या जागी मधोमध गोल भोक पाडलेला सपाट पत्रा बसवून घेतला. पिंपात धुपाचा धूर भरला. दणका दिला तेव्हा धुराचं एक कडं सुटलं, अंगठीसारखं, गोल फिरत, आणि कप धाडकन कोसळले. शेडमधली सगळी माणसं हातातली कामं टाकून बघत होती. कप आणखी लांब ठेवले, तेव्हा कडं वाटेतच विरून गेलं. हात काळे, नाकाला काजळी, तशीच उभ्या उभ्या तिने तुला फोन लावला, तुला सांगायला की जर्मनांचं नक्की कुठे चुकलं ते तिला समजलं. फोन वाजत राहिला. भिवा म्हणाला, "रेंज नसेल त्यांना." मी म्हटलं, रेंज आहे, माणूस नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या बाईंचा निरोप आला. तोफेशेजारी अस्मीने तुझ्या बाकीच्या तोफांची चित्रं लावली होती आणि त्या खडूच्या टेकडीखाली लिहिलं होतं की तोफ सुटली नाही, खणणारे मेले. बाईंचं म्हणणं, हे निगेटिव्ह वाटतं, काढून टाका. मी गेले. आमच्या सूनबाईने, संजनाने, दारातच हात जोडले, "आई, प्लीज, भांडू नका, अस्मीला तिथे अजून तीन वर्षं काढायची आहेत." मी भांडले नाही. नन्सनी मला शिकवलंय, आवाज न चढवता माणसाला खुर्चीत अवघडायला कसं लावायचं. मी विचारलं, "बाई, विषय तुम्हीच दिलात, फसलेले शोध. त्यात माणसं मेली एवढंच लपवायचं, मग फसलं काय म्हणून सांगायचं?" मजकूर राहिला. अक्षर मात्र बारीक करायला लावलं. बक्षीस झाडांना आपोआप पाणी घालणाऱ्या यंत्राला मिळालं, जे मुळात फसलेलंच नव्हतं. असो.

मला बक्षिसाचं काही नाही, अस्मीलाही नव्हतं. पण घरी आल्यावर तिने आपल्या खोलीतली तोफांची सगळी चित्रं उतरवली. नीट, चारही कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या सोडवून. मी दारात उभी होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय वॉज रूड, आजी. म्हणून ते बोलत नाहीत." इतके दिवस मी समजत होते की ती तुझी वाट बघते आहे. ती स्वतःला शिक्षा करत होती. सोमनाथ, मी तुझ्यावर आयुष्यात पुष्कळदा चिडले आहे, पण त्या दिवशी जशी चिडले तशी कधीच नाही. आणि तेव्हा मी तिला सांगितलं.

हो, मला माहीत आहे. तू मला कधी सांगितलं नाहीस, आशाने सांगितलं, तिच्या शेवटच्या आजारपणात, तू औषधं आणायला गेला होतास तेव्हा. तुझ्या सहीचा एक लॉट होता. कुठल्याशा मैदानावर सराव चालू असताना त्यातला एक गोळा सुटलाच नाही, नळीतच फुटला. तोफेवरचे दोन जवान गेले. चौकशी झाली, ठरलं की गोळे साठवताना उन्हात राहिले होते, तुझ्या तपासणीत खोट नव्हती. तुला निर्दोष ठरवलं, पुढे बढतीही मिळाली. तू त्या बढतीचे पेढे वाटले नाहीस, आणि मी फोनवर तुला चिक्कू म्हटलं होतं. आशा म्हणाली, तेव्हापासून दर सर्वपित्रीला तू कावळ्यासाठी दोन पानं जास्त वाढतोस. गुरुजींनी गोत्र विचारलं तर म्हणतोस, माहीत नाही, काश्यप म्हणा. त्यांतला एक पोरगा शीख होता म्हणे. त्याच्या घरी असलं काही करतात की नाही हेही तुला ठाऊक नाही, तरी त्याचं पान चुकत नाही. यंदा आशाही नव्हती. ती पानं तू एकट्याने वाढली असशील, गच्चीवर एकटाच उभा राहिला असशील, आणि त्यानंतर आठवडाभराने या पोरीने टोस्ट खाता खाता तुला विचारलं, कुठे पडले.

बाकीचे कुठे पडले ते तुला कधी कळलं नाही, आणि जो पडलाच नाही तो एवढा एक माहीत आहे. काय सांगणार होतास तिला? हे मला कळतं. मी फटकळ आहे, दगड नाही.

मी सांगितलं म्हणून तुला राग येईल. येऊ दे. ते माझ्यापाशी विश्वासाने ठेवलेलं होतं आणि मी ते एका पंधरा वर्षांच्या मुलीला दिलं. पण तिच्या मनात चुकीची गोष्ट बसलेली मला बघवेना. आणि तुला वाटत असेल की ती घाबरली, किंवा तुझ्याविषयीचं तिचं मत बदललं, तर ऐक. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि तिने मला एकेक विचारलं, तुझ्याच पद्धतीने. आजोबांनी नीट तपासलं होतं का? हो. चौकशीवाल्यांनाही तसंच वाटलं का? हो. मग ते अजून पानं का वाढतात? एवढी वर्षं मुलांना धडे शिकवले, प्रश्नाखाली उत्तर लिहायला लावलं, आणि मी तिच्या उशीचा अभ्रा सारखा करत बसले. मग ती मराठीत म्हणाली, चक्क मराठीत, "आजी, त्या दोघांची नावं काय?" ती मला माहीत नव्हती. आशालाही नव्हती. आपल्यापैकी ती फक्त तुला माहीत आहेत, आणि तू गेलास की त्यांच्या घरचे सोडून ती उच्चारणारं कुणी उरणार नाही.

या पत्राला पोस्टाचं तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं ती तुझ्यासमोरच उभी आहे. शाळेला सुट्टी लागली आणि धनंजय तिला घेऊन आला. तो खाली रिक्षापाशी रेंगाळतो आहे, तसं मीच सांगितलं आहे. तू वाचून संपवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही अशी तिला ताकीद आहे, आणि ती माझी नात असल्यामुळे हे तिला किती जड जात असेल ते तुला वेगळं सांगायला नको. ती आधी माफी मागेल, ती मागू देऊ नकोस. मग ती तुला नावं विचारेल. सांगवत नसतील तर तसं तोंडावर सांग, ती ऐकून घेईल. सांगावीशी वाटली तर तिच्याबरोबर दोन आठवडे आहेत, घाई करू नकोस. पण उठून आत जाऊ नकोस. वाचून झालं ना? मग आता मान वर कर.

रागावलेली, आणि तरी तुझीच,
ताई